जंतांवरची कोकणातील पारंपरिक औषधे : वावडिंग, पळसपापडी आणि कपिला यांवर किती विसंबावे?

प्रश्न – वाडीकरीण, हर्णै

नमस्कार. आम्ही दापोली तालुक्यात हर्णैजवळ नारळी-पोफळीच्या वाडीत राहतो. माझ्या सात वर्षांच्या मुलीला गेल्या पावसाळ्यापासून जंतांचा त्रास वरचेवर होत आहे. रात्री निजल्यावर तिला शौचाच्या जागी खाज सुटते, झोपेत ती दात खाते, आणि सुतासारखे बारीक, पांढरे, वळवळणारे जंत मी स्वतः पाहिले आहेत. शाळेत फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये जी गोळी चघळायला देतात, ती तिने दोन्ही वेळा घेतली. गोळीनंतर काही दिवस बरे जातात आणि मग रात्रीची रडारड पुन्हा सुरू होते.

आमच्या आजेसासूबाई आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या माहेरी, मंडणगडकडे, जंतांवर झाडपाल्याचे औषध देण्याची परंपरा होती आणि आसपासच्या वाड्यांतून माणसे त्यासाठी येत. पळसपापडी रात्रभर भिजवून, साल काढून, सहाणेवर उगाळून मधातून द्यायची. वावडिंगाची पूड ताकातून द्यायची. पोटात पट्ट्यासारखा लांब जंत असेल तर कपिला, म्हणजे शेंदरीच्या फळांवरची पूड, किंवा डाळिंबाच्या मुळीच्या सालीचा काढा द्यायचा, असे त्या सांगतात. औषधाच्या आदल्या रात्री गूळ खायला घालायचा, म्हणजे जंत गुळावर गोळा होतात, आणि औषधानंतर एरंडेल पाजून कोठा साफ करायचा, हा त्यांचा क्रम ठरलेला आहे. मात्रा मात्र त्या चिमटीवर आणि बोटाच्या पेरावर सांगतात, आणि मुलाची अंगलट पाहून ती कमी-जास्त करतात.

त्यांच्या जाणतेपणाविषयी मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच हे नीट समजून घ्यायचे आहे. या वनस्पतींमध्ये जंत मारण्याचा गुण खरोखर आहे का? असल्यास लहान मुलीला त्या घरी देणे सुरक्षित आहे का? आणि गोळी घेऊनही जंत पुन्हा का होतात? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर – एक वैद्य, संगमेश्वर

ताई, आजेसासूबाई सांगतात तो क्रम त्यांच्या माहेरचाच नाही, तो फार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत, आणि तिथे पोटातील कृमींवर शोधन करण्यापूर्वी रोग्याला दूध, गूळ, दही, तीळ, मासे असे कृमींना मानवणारे अन्न खायला घालून ते कोठ्यात एकत्र आणावेत आणि मग औषधाने बाहेर काढावेत, असा विधी आहे. आदल्या रात्रीचा गूळ आणि सकाळचे एरंडेल ही त्याचीच घरगुती रूपे आहेत. त्याच अध्यायात उंदीरकानीचा पाला कुटून, तांबड्या तांदळाच्या पिठात मळून, निखाऱ्यावर भाजलेल्या आणि विडंगाचे, म्हणजे वावडिंगाचे, तेल व मीठ लावलेल्या पोळ्या रोग्याला खायला द्याव्यात, असेही सांगितले आहे. औषध रोजच्या अन्नातून पोटात घालण्याची ही युक्ती आपल्या तांदूळ खाणाऱ्या मुलखाला परकी वाटू नये.

त्या अध्यायातील मुख्य गोष्ट मात्र निराळी आहे. चिकित्सेच्या तीन पायऱ्या तिथे सांगितल्या आहेत : अपकर्षण, म्हणजे कृमी बाहेर काढणे, प्रकृतिविघात, म्हणजे त्यांना पोटात पोसणारी परिस्थितीच मोडणे, आणि निदानपरिवर्जन, म्हणजे ज्या कारणाने कृमी होतात ते कारण टाळणे. घराघरांतील परंपरेत पहिल्या दोन पायऱ्या टिकल्या आणि तिसरी मागे पडली, असे मला माझ्या व्यवसायात नेहमी दिसते. आपल्या मुलीचा त्रास पुन्हा पुन्हा का उद्भवतो, याचे उत्तर त्या तिसऱ्या पायरीत आहे. त्याविषयी येथील बालरोगतज्ज्ञ अधिक अधिकाराने लिहितील, म्हणून मी वनस्पतींकडे वळतो.

वावडिंगाला चरकाने कृमिघ्न द्रव्यांत श्रेष्ठ म्हटले आहे. सह्याद्रीच्या सदाहरित रानात वाढणाऱ्या एका मोठ्या वेलीची ती वाळलेली फळे आहेत. त्यांच्यात एम्बेलिन नावाचे नारिंगी रंगाचे द्रव्य असते आणि कृमींवरचा परिणाम मुख्यतः त्याचाच मानला जातो. अडचण अशी, की बाजारात 'वावडिंग' म्हणून जे मिळते ते नेहमी त्याच वेलीचे असते असे नाही. त्याच कुळातील दुसऱ्या जातीची फळे सर्रास विकली जातात, आणि कधी कधी अटकी नावाच्या अगदी वेगळ्या झुडपाची फळेही त्यात मिसळलेली असतात. फळ दाताखाली किंवा खलात फोडून पाहावे. खऱ्या वावडिंगात एकच बी असते. आत बारीक बियांचा भुगा निघाला तर ती अटकी समजावी. तान्ह्या बाळांसाठी पाण्यात वावडिंगाचे चार दाणे टाकून उकळण्याची आपल्याकडे जी रीत आहे, तिच्याविषयीही येथेच सांगतो : त्या पाण्याने जंत मरतात अशी समजूत करून घेऊ नये. एम्बेलिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला तर आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा लागत नाही.

पळसपापडी, म्हणजे पळसाच्या शेंगेतील ते चपटे, तांबूस, कागदासारखे पातळ बी. गोल जंतांवर तिचा उपयोग होतो आणि तो केवळ समजुतीपुरता नाही. तिच्यातील पॅलासोनिन या द्रव्याचा जंतांवर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासला गेला आहे. परंतु हेच बी लिंबाच्या रसात वाटून गजकर्णावर लावले, तर कातडी लाल होऊन आग होते, हे आपल्या घरातील थोरांना ठाऊक असेल. जे कातडीला इतके झोंबते ते आतड्याच्या नाजूक अस्तरालाही झोंबणार, याचा विचार करावा. मात्रा चुकली तर मळमळ, उलटी, पोटात मुरडा, जुलाब होतात, आणि जास्त दिवस दिल्यास मूत्रपिंडांवर ताण येतो. साल काढून, भिजवून, मधातून आणि मोजके दिवसच देण्याचा आजेसासूबाईंचा कटाक्ष याच कारणासाठी होता, हे आज आपल्याला कळते.

आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : गुण आहे, पण सात वर्षांच्या मुलीला चिमटीच्या मापाने ही औषधे घरी देऊ नयेत. सुतासारख्या जंतांवर तर पळसपापडी किंवा कपिला ही माझी पहिली निवड मुळीच असणार नाही. ज्यांना आयुर्वेदिक उपचारच घ्यायचे असतील त्यांनी प्रत्यक्ष वैद्याकडे जावे, वजन आणि वय सांगावे, आणि ओळख पटलेल्या द्रव्याचीच मात्रा घ्यावी.

उत्तर – वनस्पतिशास्त्राची निवृत्त शिक्षिका, कुडाळ

वैद्यांनी लिहिलेल्या मजकुरात थोडी भर घालते, कारण 'झाडपाला म्हणजे निरुपद्रवी' हा समज मला सर्वांत धोकादायक वाटतो.

जंतांवरची जुनी औषधे परिणामकारक होती याचा सर्वांत मोठा पुरावा असा, की आधुनिक वैद्यकानेही ती एकेकाळी उचलली होती. किरमाणी ओव्यातून १८३० मध्ये सँटोनिन वेगळे केले गेले आणि त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे ते गोल जंतांवरचे प्रमुख औषध होते. ज्याला आपण ओव्याचे फूल म्हणतो ते थायमॉल आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९०९ साली उद्योगपती रॉकफेलर यांच्या देणगीतून अंकुशकृमींविरुद्ध (हूकवर्म) जी मोठी मोहीम सुरू झाली, तिच्यात याच थायमॉलवर भर होता, आणि त्या काळी ते आपल्या ओव्यापासूनच मोठ्या प्रमाणावर काढले जाई. डाळिंबाच्या मुळीच्या सालीतील पेलेटिएरीन पट्टकृमींवर दिले जाई. आपल्या पोफळीच्या सुपारीतील अरेकोलीन हे तर कुत्र्यांच्या पट्टकृमींवर पशुवैद्य वापरत असत. ही सर्व औषधे पुढे मागे पडली, आणि त्याचे कारण ती निकामी ठरली हे नव्हते. जंताला मारणारी मात्रा आणि माणसाला बाधणारी मात्रा यांत अंतर फार थोडे होते, हे त्याचे कारण. सँटोनिन जास्त झाले की रोग्याला सारे जग पिवळे दिसू लागे, आणि आणखी जास्त झाले की झटके येत. थायमॉलबरोबर तेल किंवा मद्य पोटात गेले तर ते रक्तात अधिक शोषले जाऊन विषबाधा होई. पेलेटिएरीनने चक्कर येते, दृष्टी अधू होते. ओव्याचे फूल आजही कोणत्याही किराणा दुकानात मिळते, म्हणून हे मुद्दाम लिहिले. भाजीच्या फोडणीतील ओवा आणि हे फूल यांची तीव्रता एक नाही.

कपिलाविषयी. कोकणात या झाडाला शेंदरी किंवा कुंकूफळ म्हणतात. फळांवर विटकरी रंगाची जी पूड असते तिच्यात रॉटलेरिन असते, आणि पट्टकृमींवर ती रेचक म्हणूनही काम करते, म्हणून वेगळे एरंडेल लागत नाही. या पुडीत विटेची भुकटी मिसळण्याचा प्रकार फार जुना आहे. पूड पाण्यावर टाकून पाहावी : खरी कपिला तरंगते, विटेची भुकटी तळाशी बसते.

आता सातविणीविषयी मला जरा विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आमच्या दक्षिण कोकणात काही घरांतून, आणि पुढे कर्नाटकाच्या किनाऱ्यावर तर घरोघर, आषाढ अमावस्येला सातविणीच्या सालीचा कडू रस पहाटे अनशापोटी पिण्याची प्रथा आहे. पावसाळ्यातील ताप, पोटाचे विकार आणि जंत यांपासून वर्षभर रक्षण होते, असे लोक मानतात. प्रथा जपण्यास माझा विरोध नाही. साल मात्र पहाटेच्या अंधारात काढून आणतात, आणि ज्या रानात सातवीण असते त्याच रानात काजराही असतो. काजरा म्हणजे कुचल्याचे झाड. त्याच्या बियांत आणि सालीतही स्ट्रिक्नीन आणि ब्रुसीन ही जहाल विषे असतात, आणि त्याची सालही तितकीच कडू असते, त्यामुळे चवीवरून शंका येत नाही. काजऱ्याची साल पोटात गेली तर काही मिनिटांत स्नायू आखडू लागतात, झटके येतात, श्वास बंद पडतो. ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत, पण त्या दिवसाउजेडीच पाहायला हव्यात. सातविणीची पाने एकाच पेरावर बहुधा सातच्या आसपास, छत्रीच्या काड्यांसारखी सभोवार फुटतात आणि साल कापताच पांढरा चीक वाहतो. काजऱ्याची पाने समोरासमोर दोन-दोन असतात, प्रत्येक पानात देठापासून निघालेल्या तीन ते पाच ठळक शिरा असतात, आणि चीक अजिबात येत नाही. ज्यांना ही प्रथा पाळायची आहे त्यांनी आदल्या दिवशी झाड पाहून त्याला दोरी बांधून ठेवावी, आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना हा रस देऊ नये.

कडू जिऱ्याबाबतही असाच घोटाळा होतो. जंतांसाठी सांगितलेले कडू जिरे हे वेगळ्या झुडपाचे बी आहे. दुकानदार कधी त्याऐवजी कलौंजी देतो, कधी गोडा मसाल्यातील शहाजिरे. तिथे विषबाधेचे भय नसते, पण जे हवे ते औषध पोटात जात नाही.

उत्तर – बालरोगतज्ज्ञ, रत्नागिरी

वाडीकरीण ताई, आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की निदान बहुतांशी त्यातच आहे. सुतासारखे बारीक पांढरे जंत आणि रात्रीची खाज, म्हणजे सुतकृमी. दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध घट्ट असल्याचे मानले जाते, पण निरोगी मुलेही झोपेत दात खातात, तेव्हा त्याला महत्त्व देऊ नये. गोड खाण्याने जंत होतात हाही समज खरा नाही. जंतांची अंडी बाहेरून पोटात गेल्याखेरीज जंत होत नाहीत.

शाळेतील गोळी आणि आपल्या मुलीचा त्रास यांचा मेळ का बसत नाही, ते सांगतो. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची मोहीम २०१५ पासून चालू आहे, आणि ती मुख्यतः मातीतून पसरणाऱ्या तीन कृमींसाठी आहे : गोल जंत, चाबूककृमी आणि अंकुशकृमी. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिली जाते, आणि १ ते २ वर्षांच्या बाळांना त्याची निम्मी. या औषधाने जंताला साखर शोषून घेता येत नाही आणि तो उपासमारीने मरतो. सुतकृमींवरही ही गोळी चांगली चालते. पण ती मोठ्या झालेल्या जंतांना मारते, अंड्यांना नाही. म्हणून सुतकृमींसाठी दुसरी मात्रा दोन आठवड्यांनी घ्यावीच लागते, आणि घरातील सर्वांनी एकाच दिवशी घ्यावी लागते. शाळेच्या मोहिमेत दोन गोळ्यांमध्ये सहा महिने जातात, आणि घरातील मोठ्यांना तर ती मिळतच नाही.

या जंताची मादी रात्री मूल निजल्यावर बाहेर येऊन गुदद्वाराभोवती अंडी घालते. मूल खाजवते, अंडी नखांत अडकतात, सकाळी तीच बोटे तोंडात जातात. अंडी काही तासांतच संसर्गक्षम होतात आणि चादरीवर, उशीवर, कपड्यांवर दोन-तीन आठवडे टिकू शकतात. वैद्यांनी ज्याला निदानपरिवर्जन म्हटले ते येथे अगदी शब्दशः लागू पडते. मुलीची नखे मुळापर्यंत कापावीत, रात्री तिला घट्ट चड्डी घालावी, सकाळी उठल्याबरोबर आंघोळ घालावी, आणि दोन्ही मात्रांच्या दिवशी घरातील सर्वांच्या चादरी व आतले कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. पावसाळ्यात कोकणात कपडे घरातच दोरीवर वाळत घालावे लागतात, हे मी जाणतो. तेव्हा निदान गरम इस्त्री फिरवावी. अंथरुणे घरात झटकू नयेत, कारण त्यामुळे अंडी उडून सगळीकडे पसरतात. निदान पक्के करायचे असल्यास सकाळी आंघोळीपूर्वी त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती काचपट्टीवर लावून तपासायला द्यावी. शौचाच्या साध्या तपासणीत सुतकृमींची अंडी बहुधा सापडत नाहीत आणि पालकांची उगीच समजूत होते की जंत नाहीत.

आपण वाडीत राहता म्हणून अंकुशकृमींविषयीही लिहितो, कारण तो अधिक गंभीर विषय आहे. त्यांच्या अळ्यांना सावलीतील, ओलसर, भुसभुशीत माती लागते, आणि शिंपण्याचे पाणी पाटाने खेळवलेली पोफळीची वाडी म्हणजे नेमकी तशी माती. जिथे उघड्यावर शौच होते तिथे या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून थेट शरीरात शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात, आणि माणूस हळूहळू पांढरा पडत जातो. थकवा, धाप, माती खाण्याची इच्छा अशी लक्षणे असतील तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. शिंपण काढताना, सुपारी वेचताना वाडीत चप्पल घालण्याची सवय मुलांना लावावी.

घरगुती औषधांविषयी माझी एकच भीती आहे आणि ती मी स्पष्ट लिहितो. मुलाच्या पोटात गोल जंत पुष्कळ असतील, तर त्यांचा गुंता होऊन आतडे अडू शकते. अशा वेळी पोट फुगते, सतत उलट्या होतात, वातही सरत नाही. त्यात एरंडेलासारखे रेचक किंवा जंतांना डिवचणारे कोणतेही औषध दिले तर अनर्थ होतो. चवताळलेले जंत पित्तनलिकेतही शिरतात. पोटात जोराची कळ आणि उलट्या असतील तर एरंडेल, काढा, काहीही न देता थेट रुग्णालय गाठावे.

उत्तर – रोपवाटिकाचालक, आंबोली

मूळ प्रश्न उपचारांचा असला तरी वावडिंगाचे नाव निघाले म्हणून लिहितो. आमच्या रानात ही वेल पूर्वी सहज दिसे. आता शोधावी लागते. फळे उंचावर येतात म्हणून काढणारे अख्खी वेल बुंध्यापासून तोडतात, आणि तिला पुन्हा फळावर यायला कित्येक वर्षे लागतात. बियांची उगवण फार कमी होते, त्यामुळे रानातली भरपाई सावकाश होते. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या प्राधान्याच्या यादीत वावडिंग आहे ते याच कारणाने. ज्यांच्या बागायतीच्या वरच्या अंगाला सावलीचे, ओलाव्याचे रान आहे त्यांनी मोठ्या झाडाच्या आधाराने दोन-चार वेली अवश्य लावाव्यात. बाजारात भेसळ का होते, याचेही उत्तर या तुटवड्यातच आहे.

वाडीकरीण, हर्णै

सर्वांची मी फार आभारी आहे. गोळीची दुसरी मात्रा दोन आठवड्यांनी घ्यायची असते, हे आम्हांला आजवर कोणी सांगितलेच नव्हते. आता तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरांकडे जाऊन सर्वांनी एकाच दिवशी औषध घेण्याचे ठरवले आहे. आणखी दोन गोष्टी विचारते. आजेसासूबाई म्हणतात की पावसाळ्याच्या सुरुवातीला टाकळ्याची आणि भारंगीची भाजी खाल्ली, पपईच्या बिया खाल्ल्या, की जंत धरत नाहीत. हे तरी मुलीला द्यावे का? आणि माझ्या जाऊबाई गरोदर आहेत, त्यांना चौथा महिना लागला आहे. घरातील सर्वांनी औषध घ्यायचे तर त्यांचे काय?

उत्तर – वनस्पतिशास्त्राची निवृत्त शिक्षिका, कुडाळ

टाकळ्याची कोवळी पाने आणि भारंगीचा पाला या उत्तम रानभाज्या आहेत आणि त्या मुलीला भाजी म्हणून जरूर द्याव्यात. भारंगीची भाजी करताना पाला उकडून, पाणी पिळून टाकायला विसरू नये, नाहीतर कडूपणाने मूल खाणार नाही. या भाज्यांनी जंत मरतात असा भरवसा मात्र धरू नये. टाकळ्याच्या बाबतीत एक काळजी घ्यावी : पहिल्या पावसानंतरची कोवळी रोपेच खुडावीत, शेंगा आणि बिया मुलांना खाऊ देऊ नयेत.

पपईच्या बियांविषयी एक चांगला प्रयोग झालेला आहे. २००७ साली नायजेरियातील ६० मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. वाळवलेल्या बियांची पूड मधातून दिलेल्या ३० मुलांपैकी २३ मुलांच्या शौचातील कृमी नाहीसे झाले, आणि नुसता मध दिलेल्या ३० मुलांपैकी केवळ ५ जणांच्या. इतक्या लहान अभ्यासावरून उपचार ठरवता येत नाही, पण आपल्या परसातील फळाच्या फेकून दिल्या जाणाऱ्या बियांवर आपल्याकडेही असे काम व्हायला हवे, असे मला फार वाटते.

आणि ताई, आजेसासूबाईंचे सांगणे लिहून ठेवा. कोणत्या झाडाचा कोणता भाग, कोणत्या महिन्यात काढलेला, ओला की वाळलेला, कशात उगाळायचा, किती दिवस, आणि कोणाला द्यायचा नाही, हे सारे विचारा. शक्य असल्यास त्यांनी दाखवलेल्या झाडाची फुलाफळांसह डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवा आणि जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या विभागात ओळख पटवून घ्या. त्यांची चिमूट एकदा सोनाराच्या काट्यावर ठेवून वजन टिपून घ्या.

उत्तर – एक वैद्य, संगमेश्वर

जाऊबाईंना वावडिंग, पळसपापडी, कपिला, पपईच्या बिया यांपैकी काहीही देऊ नये. एम्बेलिनचा गर्भधारणेला विरोध करणारा परिणाम प्राण्यांवरील प्रयोगांत दिसलेला आहे, पळसबीजाचा उल्लेख आपल्या जुन्या ग्रंथांतही गर्भनिरोधासाठी येतो, आणि कपिला तीव्र रेचक आहे. त्यांच्या अन्नात चुकूनही ही पूड मिसळली जाऊ नये, म्हणून ती स्वयंपाकघरातील मसाल्यांच्या डब्यांजवळ ठेवू नये.

उत्तर – बालरोगतज्ज्ञ, रत्नागिरी

अल्बेंडाझोल गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत. चौथ्या महिन्यापासून ते देता येते, पण त्याचा निर्णय त्यांची तपासणी करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनीच घ्यावा. आपण घरी गोळी देऊ नये. त्यांना स्वतःला खाज वगैरे काही लक्षणे नसतील तर त्या थांबू शकतात. तोवर मुलीला त्यांच्याशेजारी निजवू नये, दोघींचे टॉवेल वेगळे ठेवावेत, आणि जाऊबाईंनी जेवणापूर्वी व स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुऊन नखे घासावीत. तपासणीला जाताना मुलीच्या जंतांची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी, आणि त्याच वेळी जाऊबाईंचे हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे.